कुंपण घातलं की देवराई होते का?

"आमच्या डोंगराला कुंपण घातलं आणि दहा-पंधरा वर्षं कुणाला हात लावू दिला नाही, तर तिथे देवराई तयार होईल ना?" झाडं मोजायच्या निमित्ताने मी संगमेश्वर-देवरुखच्या वाड्यावाड्यांतून फिरतो हे कळलं की हा प्रश्न ठरलेला. कोकणात चार एकर घेतलेले पुण्या-मुंबईचे लोक विचारतात, तसे वाडवडिलांचं रान विकायचं की राखायचं या पेचात पडलेले गावकरीही. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. जंगल होईल. देवराई, म्हणजे देवाच्या नावाने गावाने राखलेलं जुनं रान, होईलच असं नाही.

मुळात, माणूस फिरकला नाही म्हणून देवराई टिकली, हेच खरं नाही. माणूस तिथे जातच होता. नारळ ठेवायला, नवस फेडायला, राईतल्या झऱ्याचं पाणी आणायला. देवळाला वासा हवा असेल तर कौल लावून झाडही तोडलं जायचं. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया नोंदवल्या, त्यातून दिसलं ते हेच: राखण होती, ती गावाच्या रिवाजाची. बंदी होती ती कोयत्याला आणि आगीला.

दुसरी गोष्ट पावसाची, आणि ती बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिरुअनंतपुरमला याहून बराच कमी. तरी सह्याद्रीतल्या सदाहरित झाडांच्या जाती दक्षिणेला भरमसाट आणि आपल्याकडे येईतो विरळ होत जातात. कारण आपला सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो आणि पुढे सात-आठ महिने थेंब नाही. दक्षिण टोकाला कोरडे महिने जेमतेम दोन-तीन. म्हणजे आपल्याकडचं रानजायफळ किंवा सुरंगी आधीच काठावर जगत असते. डोक्यावर दाट छत आणि पायाशी जाड पाचोळा, एवढ्याच भांडवलावर ती उन्हाळा काढते. जुन्या राईत मे महिन्यात पाचोळा बाजूला सारून पाहा. वरची पानं कुरकुरीत, त्याखाली बुरशीचे पांढरे तंतू धरलेला ओलसर थर, आणि त्याखाली बोटाला चिकटणारी काळी माती. तिथून शंभर पावलांवरच्या उघड्या कातळावर अनवाणी उभं राहवत नाही.

म्हणून कुऱ्हाड तीच असली तरी परिणाम एक नसतो. ओढ्याकाठी झाड पडलं तर फट काही वर्षांत भरून येते. वाऱ्यावरच्या माथ्यावर तेच झाड पडलं की माती भाजते, पावसात धुपते आणि मग कारवी नि गवताचंच राज्य. या झाडांच्या बऱ्याच बिया वाळल्या की मेल्या. सागाच्या किंवा बाभळीच्या बीसारख्या त्या वाट पाहत बसत नाहीत.

आता माणसाचा हात. भाताचा तरवा, म्हणजे रोपं, टाकण्याआधी जमीन भाजायची, त्या भाजावळीसाठी डोंगरावरच्या झाडांची कवळं, म्हणजे पानांसकट फांद्या, तोडायची, ही इथली पिढ्यान् पिढ्यांची रीत. ज्या झाडाला ही छाटणी सोसते तेच गावालगतच्या रानात उरलं: ऐन, किंजळ. आंबा, फणस, रातांबा खायला म्हणून राखला. जुन्नर-आंबेगावकडे हिरडा विकला जातो म्हणून हिरड्यावर कोयता चालला नाही. दरवर्षी वणवा लागणाऱ्या उतारावर जाड सालीची झाडं तगली, बाकीच्यांची रोपं गुडघ्याएवढी व्हायच्या आत जळाली. डोंगराकडे बोट दाखवून लोक "हे आमचं नैसर्गिक जंगल" म्हणतात, त्यातली निम्मी निवड आजोबा-पणजोबांनी केलेली आहे.

या तोडीबद्दल मला फारशी तक्रार नाही. ठेकेदार उभं रान विकत घेऊन तोडायचे तेव्हाही बुंधे जमिनीत राहायचे. ऐनाचा कापलेला खोडवा पावसाच्या तोंडावर बघा, सालीच्या कडेने गोल धुमारे फुटलेले असतात. घाव जुना, मुळं त्याहून जुनी, आणि माती जागच्या जागी. गेल्या काही वर्षांत बदललं ते असं की काजू किंवा हापूसची एकसलग बाग करायला जेसीबी येतो आणि मुळंच उपटतो. कोयत्याने रानाचं रूप बदललं, जेसीबीने रानाची स्मृतीच पुसली. दोन्हीला 'जंगलतोड' म्हणून मोकळं होणं मला पटत नाही.

आणि देवरायांचं काय? तिथे आता भक्तीच अंगाशी येते आहे. देवळाचा जीर्णोद्धार होतो, सभामंडप वाढतो, भोवती पेव्हर ब्लॉक बसतात आणि "साप-किरडू नको" म्हणून खालचं रान साफ होतं. वर बेहडा, सातवीण, गारंबीचा वेल सगळं जागेवर असतं. फोटो झकास येतो. पण दोरीने मीटरभर चौकोन आखून रोपं मोजायला बसलं तर मोजायला काही नसतं. मुंबईला तरुण गेले आणि घराघरांत म्हातारी माणसं उरली, त्या वाडीसारखी ही राई. याउलट दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डेला रानजायफळीच्या दलदलीची राई आहे, तिला राज्याने जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केलं आहे. तिथलं पाणी वळवलं तर एकाही झाडाला हात न लावता ती संपेल.

तेव्हा तुमच्या चार एकरांत कुंपणाने काय होईल? खोडवे जिवंत असतील तर ऐन-किंजळ झपाट्याने वर येईल. खोडवे नसतील तर आधी रानमोडी आणि घाणेरी ही झपाट्याने पसरणारी झुडपं माजतील. सदाहरित जाती येतील त्या कुणी बी आणलं तर. हे काम धनेशाचं, म्हणजे इकडच्या ककणेराचं, आणि उदमांजराचं. जवळपास राई नसेल तर ते तरी कुठून आणणार?

करण्यासारखं इतकंच. खोडवे राखा, फुटव्यांतले जोमदार दोन-तीन ठेवा. गवत वाळायच्या सुमारास भोवती जाळरेषा काढा, म्हणजे वणवा आत येऊ नये असा मोकळा पट्टा. रानमोडी फुलायच्या आत उपटा. नर्सरीतली शोभेची रोपं कृपा करून आणू नका. सावली धरली की पावसाळ्यात जवळच्या राईतलं ताजं बी आणून फुटव्यांखाली टोचा. फक्त उचलण्याआधी गुरवाला आणि मानकऱ्यांना विचारा, कारण काही गावांत पडलेलं फळ बाहेर न्यायलाही कौल लागतो. नाही मिळाला, तर पुढच्या वर्षी पुन्हा विचारायचं.