पदर कुठल्या खांद्यावर?

2020च्या लॉकडाऊनमध्ये लग्नाच्या ऑर्डरी बंद पडल्या आणि आमचे दोन्ही कॅमेरे कपाटात गेले. सासऱ्यांनी त्याच सुमारास माळ्यावरून पत्र्याचा डबा काढला. हिमालयातल्या ट्रेकच्या सहाशे स्लाइड, म्हणजे प्रोजेक्टरवर बघायचे फिल्मवरचे छोटे रंगीत फोटो! प्रोजेक्टर कधीच मोडीत गेलेला. कोथरूडच्या घरात, जेवणाच्या टेबलावर, जुन्या स्लाइडचे डिजिटल फोटो करून द्यायचा आमचा हा धंदा असा सुरू झाला.

स्कॅनरपेक्षा कॅमेरा बरा, हे आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं. खाली एलईडी पॅनेल, त्यावर स्लाइड, वर स्टँडला उलटा टांगलेला कॅमेरा आणि मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून टिपणारी लेन्स. कॅमेऱ्याचं सेटिंग एफ 8, आयएसओ 100, फाइल रॉ (कच्ची). पहिलं पॅनेल स्वस्तातलं घेतलं, तर सगळा बर्फ हिरवट. मग सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप) 95च्या वरचं आणलं. कॅमेरा समांतर आहे की नाही हे बघायला स्लाइडच्या जागी छोटा आरसा ठेवायचा. लेन्सला स्वतःचा डोळा बरोबर मधोमध दिसला की झालं. लेव्हलच्या पट्टीवर उगाच पैसे घालवले होते.

पहिली पैशांची ऑर्डर सोसायटीतल्या काकांची, 320 स्लाइड. पेनड्राइव्ह दिला आणि संध्याकाळी फोन. ‘‘अगं, फोटो छान आलेत, पण आमची आई गुजराती कशी झाली?’’ पाहिलं तर पदर उजव्या खांद्यावर! काही स्लाइड आम्ही पालथ्या ठेवल्या होत्या, त्यामुळे फोटो आरशातल्यासारखे उलटे आले होते. सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या एकदम पलटता आल्या असत्या, पण निम्म्या सरळ होत्या. लग्नाच्या फोटोत पदर असतो, दुकानाची पाटी असते. डोंगराला काय असतं? तेव्हापासून प्रत्येक स्लाइड उजेडात तिरकी धरून बघतो. मंद बाजू इमल्शनची, म्हणजे चित्राच्या थराची, ती खाली. चकचकीत बाजू कॅमेऱ्याकडे. त्या दुरुस्तीचे पैसे अर्थातच घेतले नाहीत.

खरं सांगायचं तर फोटो काढणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. वेळ जातो तो ब्लोअरने धूळ उडवण्यात आणि बुरशीत. पावसाळे काढलेल्या डब्यांत, कोकणातल्या तर विशेषच, कोळ्यासारखं जाळं असतं. बुरशीने खाल्लेलं, चित्राच्या थरातलं जिलेटिन पाण्यात विरघळतं, म्हणून ओला कापूस लावू नका असं फोनवरच सांगतो. तरी लोक लावून आणतातच.

रंगांचं मात्र आश्चर्य वाटतं. काही स्लाइड साफ लालसर झालेल्या, आणि त्याच डब्यातल्या कोडॅक्रोमचं (कोडॅकची स्लाइड फिल्म) आकाश अजून निळंशार. एकांनी कोडॅक्रोमचा न धुतलेला रोलही आणला होता. ही फिल्म 2009मध्ये बंद झाली आणि तिचं रंगीत प्रोसेसिंग करणारी कॅन्सासमधली शेवटची लॅब 2010च्या अखेरीस थांबली. आता त्यातून निघालंच तर कृष्णधवल काहीतरी, तेही नशीब असेल तर. त्यांनी रोल तसाच खिशात घातला.

आता वेगळी खोली आहे, दोन स्टँड आहेत, हाताखाली एक मुलगी आहे. सासऱ्यांच्या डब्यातल्या दीडशे स्लाइड अजून बाकी आहेत आणि ते दर रविवारी विचारतात.