जाड चालेल, पण छोटा हवा

परवा रात्री साडेअकराला मी फूटपट्टी घेऊन लॅपटॉपची रुंदी मोजत बसले होते. झालं असं की एका मैत्रिणीने नवीन लॅपटॉप सुचवला, "अगं घे डोळे मिटून, एकदम छोटुसा आहे," आणि बघायला गेले तर चौदा इंची. पातळ होता, कबूल, पण छोटा? माझ्या खांद्याच्या पिशवीत तो आडवा जात नाही आणि उभा घातला तर वरून डोकं बाहेर काढून बसतो. आजकाल पातळ म्हणजेच छोटा असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलंय आणि माझं नेमकं तिथंच बिनसतं. इतका पातळ घेऊन मी करू काय, दाराच्या फटीतून आत सरकवायचाय का मला? जागा खाते ती लांबी-रुंदी. मांडीवर, प्रवासात समोरच्या सीटच्या मागच्या त्या एवढ्याशा फळीवर, पिशवीत, सगळीकडे.

तर मापं. माझा थिंकपॅड (आधी आयबीएमची, मग लेनोवोची लॅपटॉपची मालिका) एक्स६१, २००७ चा, रुंदी २६.८ सेंटीमीटर. आता गंमत बघा, नेहमीच्या पूर्ण आकाराच्या कीबोर्डवर एका बटणाच्या मध्यापासून शेजारच्या बटणाच्या मध्यापर्यंत साधारण १९ मिलीमीटर अंतर असतं. वरच्या ओळीत क्यू पासून पी पर्यंत दहा अक्षरं, म्हणजे १९ सेंटीमीटर तिथंच गेले, मग डावीकडे टॅब, उजवीकडे कंस, एंटर वगैरे मंडळी, कडेची बटणं जरा चेपून बसवली की बरोब्बर सव्वीस-सत्तावीस सेंटीमीटर होतात. म्हणजे या मशीनची रुंदी स्क्रीनने ठरवलेलीच नाही, ती माणसाच्या दोन पंजांनी ठरवलीये! कीबोर्ड संपला की लॅपटॉप संपला. ॲपलचं १२ इंची पॉवरबुक २००३ मध्ये आलं त्यातही तेच, बटणं एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, बाजूला फुकट पत्रा नाहीच. वजन मात्र २ किलोच्या वर आणि जाडी ३ सेंटीमीटर, म्हणजे गुटगुटीत प्रकरण. पण तरीही बारा इंची पॉवरबुक म्हटलं की अजून उसासे टाकणारी माणसं मला माहितीयेत आणि त्यांचा उसासा मला शंभर टक्के कळतो.

जुन्या छोट्या लॅपटॉपवरचं प्रेम म्हटलं की लोक लगेच नॉस्टॅल्जिया म्हणून मोकळे होतात. असेल थोडा, पण मला कॉलेजात असताना यातला एकही परवडला नव्हता, सगळे मी नंतर सेकंडहँड घेतलेत, बंद पडलेले, धूळ खाल्लेले, मग आठवणी कसल्या डोंबलाच्या? मला हे आवडतात कारण यात कुणीतरी डोकं खाजवून भांडून जागा केलीये ते उघड दिसतं. मोठ्या मशीनमध्ये काय, जागा आहे, टाका. छोट्यात एक गोष्ट आत घ्यायची तर दुसरी बाहेर काढावी लागते, आणि कुणी काय बाहेर काढलं यावरून त्या माणसांना काय महत्त्वाचं वाटत होतं ते कळतं.

तोशिबाचा लिब्रेटो घ्या. १९९६-९७ ची गोष्ट, २१ सेंटीमीटर लांब, साडेअकरा रुंद, वजन ८५० ग्रॅमच्या आसपास, ६.१ इंची स्क्रीन आणि त्यावर चक्क पूर्ण विंडोज ९५. टचपॅडला जागाच नाही. मग यांनी काय केलं, माऊसचा छोटा गोल दट्ट्या स्क्रीनच्या उजव्या कडेला लावला आणि क्लिकची बटणं झाकणाच्या पाठीमागे! म्हणजे उजव्या हाताने स्क्रीनची कड चिमटीत धरायची, अंगठ्याने बाण हलवायचा आणि मागून बोटांनी क्लिक करायचं. वाचताना वेडेपणा वाटतो ना, मलाही वाटला होता, पण दोन्ही हातांत धरून उभ्या उभ्या वापरून बघा, पाच मिनिटांत बोटं शिकतात. माझ्याकडे लिब्रेटो ७० आहे. त्यात यूएसबी नाही, वायफाय नाही, फाइल बाहेर काढायची तर कडेच्या पीसीएमसीए खाचेत (जुन्या लॅपटॉपना जास्तीचं कार्ड घालायला असायची ती) ॲडॉप्टर घालून त्यात कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड बसवायचं, कॅमेऱ्याचं जुनं कार्ड असतं तसलं, विंडोज ९५ त्याला मुकाट्याने हार्डडिस्क समजतं. मराठी मात्र लिहिता येत नाही, युनिकोड देवनागरी दाखवणं विंडोज २००० पासून आलं, त्यामुळे लिब्रेटोवर मी याद्या करते, त्याही रोमनमध्ये, आणि स्वतःशीच हसते.

पण जागेच्या भांडणाचा बादशहा म्हणजे आयबीएमचा १९९५ चा थिंकपॅड ७०१, तो फुलपाखरू कीबोर्डवाला. स्क्रीन १०.४ इंची, म्हणजे खोकं लहान, पण कीबोर्ड पूर्ण मापाचा हवा असा हट्ट. जॉन कॅरिडिस नावाच्या इंजिनिअरने लेकीचे लाकडी ठोकळे बघून यावर तोड काढली असं सांगतात. कीबोर्डचे पायरीपायरीच्या रेषेवर दोन तुकडे, झाकण बंद केलं की एक तुकडा मागे एक पुढे सरकून दोन्ही एकमेकांत बसतात, उघडलं की दोन्ही बाजूंना पसरतात आणि कीबोर्ड खोक्याच्या बाहेर येतो, अक्षरशः पंख. मी प्रत्यक्ष एकदाच बघितलाय, दुसऱ्याचा, आणि मालकाचा जीव वरखाली होईपर्यंत उघडमीट केली. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहातही तो आहे. आणि इतकं करून बाजारात किती टिकला, तर वर्षभर वगैरे. मोठ्या स्क्रीन आल्या, खोकंच रुंद झालं, मग पंख कशाला हवेत!

आणि इथूनच माझं रडगाणं सुरू होतं. एक्स६१ चा स्क्रीन १२.१ इंची, जुना चौकोनी ४:३ वाला, १०२४ गुणिले ७६८. चार वर्षांनी, २०११ मध्ये एक्स२२० आला, १२.५ इंची, १६:९, १३६६ गुणिले ७६८. कागदावर प्रगती. आता उंची काढा. पहिल्याची सव्वासात इंच, दुसऱ्याची सहा आणि थोडीशी. इंचाचा नंबर वाढला आणि स्क्रीन इंचभर बुटका झाला! उभ्या ठिपक्यांची संख्या तर तीच, ७६८, एकही वाढला नाही. वाचायचं उभं असतं, लिहायचं उभं असतं, पण स्क्रीन झाला टीव्हीच्या मापाचा, कारण एकाच आकाराच्या काचा कापणं कारखान्याला सोयीचं. आणि स्क्रीन रुंद तर खोकं रुंद, त्यामुळे एक्स२२० ची रुंदी साडेतीस सेंटीमीटर झाली. दोन पंजांचा हिशेब तिथं संपला, यापुढे काच ठरवणार.

तरीही हे सगळं मी एक्स२२० वरच टाइप करतीये बरं का, आणि तो विकायला काढणार नाहीये. का, तर कीबोर्ड. या मालिकेतला सात ओळींचा हा शेवटचा कीबोर्ड, पुढच्याच वर्षी एक्स२३० मध्ये सहा ओळी आणि सपाट सुटी बटणं आली. लोकांनी ते इतकं मनाला लावून घेतलं की एक्स२३० च्या पोटात एक्स२२० चा कीबोर्ड बसवण्याची रीत शोधून काढली, पट्टीवरचे एक-दोन संपर्क चिकटपट्टीने झाकायचे, थोडं प्लास्टिक तासायचं, कंट्रोलरचं सॉफ्टवेअर बदलायचं. २०१७ मध्ये थिंकपॅडला २५ वर्षं झाली म्हणून कंपनीने खास आवृत्ती काढली, सात ओळींचा कीबोर्ड परत आणला, मी आनंदाने उडीच मारणार होते, आणि बघते तर चौदा इंची. म्हणजे जेवायला बोलावून हात धुवायला लावले आणि उठवलं.

दुसरं कारण म्हणजे तो उघडता येतो. कीबोर्ड बदलायचा तर मशीन पालथं घाला, ज्या स्क्रूशेजारी कीबोर्डचं इवलंसं चित्र कोरलंय तेवढे काढा, पुन्हा सुलटं करा, कीबोर्ड स्क्रीनच्या दिशेने ढकला आणि उचला, संपलं. हार्डडिस्कला कडेचा एक स्क्रू. मी पहिल्यांदा उघडला तेव्हा मात्र स्वतःच्या हाताने घोळ घातला होता, कीबोर्डखालची केबल न सोडवताच तो उत्साहात वर खेचला आणि टच् असा जो आवाज आला, पोटात गोळा. नशीब, फक्त कनेक्टर निसटला होता. शिवाय त्यातली डिस्क ७ मिलीमीटर जाडीचीच लागते, मी साडेनऊची आणली होती, मग तिचं बाहेरचं प्लास्टिकचं चौकट-कडं सोडवलं तेव्हा कुठे आत गेली. घाम फुटला, पण दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी काय रुबाबात होते म्हणून सांगू.

मग हे छोटे लॅपटॉप बंद का पडले? नुसतं टॅबलेटवर खापर फोडून भागत नाही. माझं मत असं की नेटबुकने, म्हणजे त्या छोट्या स्वस्त लॅपटॉपनी, छोट्या आकाराचं नाव खराब केलं. असुसचा ई पीसी ७०१ आला २००७ च्या शेवटी, सात इंची स्क्रीन, ८०० गुणिले ४८०, चार जीबीची साठवण, किलोच्याही आत वजन, आत विंडोजऐवजी लिनक्स, आणि स्वस्त. स्वस्त हा मुद्दा होता. प्रोसेसर ९०० मेगाहर्ट्झचा पण तो बांधून ठेवला होता ६३० वर. लोकांनी उड्या मारल्या आणि मग सगळ्यांनीच नेटबुक काढले, विंडोज ७ स्टार्टर आलं ज्यात वॉलपेपरसुद्धा बदलता येत नव्हता (हा छळ कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाला देव जाणे), आणि दोन-तीन वर्षांत छोटा म्हणजे हळू, छोटा म्हणजे हलक्या प्रतीचा, असं समीकरण पक्कं झालं. त्याआधी उलटं होतं, छोटा म्हणजे महाग, अवघड, ऐटीचा. सोनीने २००९ मध्ये वायो पी काढला तेव्हा त्या जुन्या ऐटीत काढला, २४.५ गुणिले १२ सेंटीमीटर, सहाशे ग्रॅमच्या घरात, आणि जाहिरातीत जीन्सच्या मागच्या खिशात खोचलेला. आठ इंचाच्या स्क्रीनवर १६०० गुणिले ७६८ ठिपके, अक्षरं मुंगीएवढी, आत नेटबुकचाच ॲटम प्रोसेसर. दिसायला राजपुत्र, पळायला बैलगाडी. २०१० ला आयपॅड आला, २०११ ला इंटेलने अल्ट्राबुकची, म्हणजे पातळ लॅपटॉपची टूम काढली, त्यात जाडी किती हवी याचे नियम होते, १८ मिलीमीटर वगैरे, आणि तेव्हापासून सगळी शर्यत जाडीचीच. ११ इंची मॅकबुक एअर २०१६ ला गेला, १२ इंची मॅकबुक २०१९ ला. गेले ते गेले.

तोटे सांगत नाही असं नको. एक्स२२० चा साधा स्क्रीन बाजूने बघितला की रंग उलटे दिसतात, आयपीएस प्रकारचा, म्हणजे बाजूनेही रंग नीट दाखवणारा, मिळाला तर घ्यावा. जुनी बॅटरी मरतेच, नवीन म्हणून जी मिळते ती कितपत नवीन हा श्रद्धेचा भाग. ब्राउझरमध्ये आठ-दहा टॅब उघडले की पंखा ओरडतो. आणि जुन्या ३२ बिट प्रोसेसरवाल्यांचे दिवस भरत आलेत, डेबियनने (लिनक्सचाच एक प्रकार) १३ व्या आवृत्तीपासून त्यांच्यासाठी इन्स्टॉलर देणं थांबवलं, म्हणजे ई पीसीसारख्यांना १२ वरच मुक्काम.

पण माणसं हार मानत नाहीत याचं मला फार कौतुक. चीनमधल्या ५१एनबी नावाच्या हौशी मंडळींनी एक्स६१ च्या जुन्या खोक्यात बसेल असा नवा मदरबोर्डच बनवला, इंटेलच्या पाचव्या पिढीच्या प्रोसेसरचा, त्याला एक्स६२ म्हणतात, आणि एक्स२०० च्या खोक्यासाठी आठव्या पिढीचा, तो एक्स२१०. विचार करा, कंपनी विसरली, आणि कुणीतरी खोकं आणि कीबोर्ड तसाच ठेवून फक्त काळीज बदललं. १९९७ च्या सायन सिरीज ५ या कीबोर्डवाल्या इवल्याशा कॉम्प्युटरचंही तसंच, उघडताना कीबोर्ड पुढे सरकायचा म्हणजे स्क्रीनला टोचलं तरी मागे कलंडायचा नाही, ती बिजागरी बनवणाऱ्या मार्टिन रिडिफर्डनेच वीस वर्षांनी जेमिनी नावाच्या कीबोर्डवाल्या फोनवर काम केलं. एका बिजागरीपायी माणूस वीस वर्षांनी परत येतो!

तर फूटपट्टीकडे परत. त्या रात्री शेवटी ई पीसी मोजला, साडेबावीस सेंटीमीटर. म्हणजे पूर्ण कीबोर्ड शक्यच नाही, बटणं आखडलेली, मी टाइप करायला गेले की दर शब्दाला दोन अक्षरं एकदम पडतात. म्हणून तो नुसता पडून होता. सकाळी भाची आली, नऊ वर्षांची, तिने टेबलावरून उचलला, "मावशी, हा बाळ-लॅपटॉप आहे?" मग आधी बोटाने स्क्रीन दाबून बघितला, काही होईना, मग कीबोर्डवर हात ठेवले. आणि बसले की हो! दहाही बोटं, ज्या त्या बटणावर, जणू तिचंच माप घेऊन शिवलाय. तिने तिचं नाव लिहिलं, मग शाळेतल्या सगळ्या मैत्रिणींची लिहिली, मग ज्यांच्याशी कट्टी आहे त्यांची वेगळी यादी केली, आणि सेव्ह करताना तो जरा विचारात पडला तर म्हणाली, "थांब मावशी, त्याला घाई करू नकोस."

आता रोज विचारते, त्याच्यावर स्टिकर लावले तर चालतील का. मी अजून हो म्हटलेलं नाही.