पुस्तकातले तास आणि गॅरेजमधले दिवस

इंजिन खोलून, पुन्हा बांधून गाडी नऊ दिवसांत रस्त्यावर येईल, असं मी घरी सांगितलं होतं. तिचं इंजिन सुरू झालं सत्तेचाळिसाव्या दिवशी. मधल्या प्रत्येक रविवारी बाबांचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "हेड बसलं का रे?" हेड म्हणजे सिलिंडरांवर बसणारं झाकण.

बाबांनी उभं आयुष्य डिझेल इंजिनं खोलण्यात आणि बांधण्यात घालवलं. लहानपणी मी त्यांच्या शेजारी बसून नट-बोल्ट धुतलेत, पण अख्खं इंजिन स्वतःच्या हाताने खोलायची संधी मिळाली ती परदेशात आल्यावर, घराला जोडलेलं गॅरेज मिळालं तेव्हा. गाडीचे फोटो पाहून मायदेशातल्या दोघा-तिघांनी मला एकच गोष्ट विचारली: पहिल्यांदा एवढं मोठं काम घरी करायचं तर किती दिवस धरायचे? एका ओळीत सांगता येईना, म्हणून हे लिहितोय.

गाडी २००२ची शेव्हरोले कॅमारो झेड-२८. तिच्यात ५.७ लिटरचं एलएस-वन व्ही-८ इंजिन आहे, कंपनीतून निघताना ३१० हॉर्सपॉवरचं. मला मोठा कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह (हवा-धुराच्या झडपा) उघडणारा दांडा, टाकायचा होता, त्याला पेलतील अशा व्हॉल्व्ह स्प्रिंगा बसवायच्या होत्या आणि हेड काढून पोर्ट करून, म्हणजे त्यांच्यातल्या हवेच्या वाटा घासून मोठ्या करून, घ्यायची होती.

मेकॅनिक लोकांकडे प्रत्येक कामाचे ठराविक तास लिहिलेलं पुस्तक असतं. मी त्यातले तास घेतले, नवखा म्हणून दीडपट केले, आठवड्याभराची रजा टाकली आणि आधीचे-नंतरचे शनिवार-रविवार जोडले. आकडा दिसायला भक्कम होता. पण ते तास कोणाचे, हे मी पाहिलंच नव्हतं. ते अशा माणसाचे असतात, ज्याने तेच काम आधी कितीतरी वेळा केलंय, ज्याच्याकडे गाडी वर उचलायची लिफ्ट आहे, लागेल तो पुलर (घट्ट बसलेला भाग ओढून काढायचं हत्यार) हाताशी आहे. गंजून अडकलेल्या बोल्टाचा वेळ त्यात नसतो. हेड दुसऱ्याच्या मशीनवर पडून राहतात, ते दिवसही नसतात.

मी वहीत रोजचे तास टिपत होतो. खोलायला १४ तास लागले. साफसफाईला १९. एका तुटलेल्या बोल्टाने ११ खाल्ले, मापं घेण्यात ९ गेले, बांधायला २२ लागले आणि पहिल्यांदा सुरू करून गळती बघण्यात ६. एकूण ८१. शिवाय १६ दिवस हेड मशीन शॉपमध्ये होती आणि ८ दिवस मी पुशरॉडची, म्हणजे कॅमची हालचाल वर व्हॉल्व्हकडे नेणाऱ्या सळ्यांची, वाट पाहत होतो. हे २४ दिवस माझ्या कुठल्याच हिशोबात नव्हते. आज कुणी विचारलं तर मी सांगेन की पुस्तकातले तास तिप्पट करा आणि वाटेचे दिवस वेगळ्या रकान्यात मांडा, कारण जास्त मेहनत करून ते कमी होत नाहीत.

आधी काम कुठे थांबणार ते ठरवा. या इंजिनात कॅम ब्लॉकमध्ये, म्हणजे सिलिंडर असलेल्या खालच्या मुख्य भागात बसतो, वर हेडमध्ये नाही. त्यामुळे हेड न काढताही तो पुढून ओढून काढता येतो. रेडिएटर, वॉटर पंप, क्रँकची (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याची) पुली आणि टायमिंग कव्हर काढायचं, रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे छोटे दांडे) सैल करून पुशरॉड काढायचे, मग कॅम हाताने फिरवला की लिफ्टर (कॅमवर टेकून पुशरॉड उचलणारे भाग) वर सरकून आपापल्या प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये अडकून राहतात. पण तेच लिफ्टर बदलायचे असतील तर हेड काढण्यावाचून इलाज नाही. म्हणजे 'फक्त कॅम' आणि 'कॅम, हेड, लिफ्टर' ही दोन संपूर्ण वेगळी कामं आहेत, आणि त्यांच्यामधलं अंतर आठवड्यांत मोजायचं. मी हेड काढायचं ठरवूनच बसलो होतो, हे बरं झालं. पुढे मात्र 'आता उघडलंच आहे तर' हे वाक्य मी रोज स्वतःशी म्हणायला लागलो. उघडलंच आहे तर टायमिंग चेन (क्रँकवरून कॅम फिरवणारी साखळी) बदलू. ऑइल पंपही बदलू. स्टार्टरही काढून पाहू. चेन आणि पंप बदलले त्याचं मला समाधान आहे, कारण नंतर तिथे पोचायला तेच सगळं पुन्हा खोलावं लागलं असतं. स्टार्टरवर गेलेली संध्याकाळ मात्र वाया गेली, तो कधीही सुटा काढता आला असता. तेव्हापासून माझी एकच कसोटी आहे. या भागासाठी पुढे हेच सगळं खोलावं लागणार असेल तर आत्ता करायचं, नाहीतर कागदावर लिहून बाजूला ठेवायचं.

बोल्टाची गोष्ट सविस्तर सांगतो, कारण पहिलं वेळापत्रक तिथेच कोसळलं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे, म्हणजे हेडमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचे बोल्ट वर्षानुवर्षं तापत-निवत राहतात. कॅमारोत इंजिनाचा मागचा भाग काचेखाली शिरलेला असतो, तिथे हात जेमतेम पोचतो, दिसत काहीच नाही. सगळ्यात मागचा बोल्ट मी लांब पान्याने ओढला, आधी तो सैल झाल्यासारखा वाटला आणि मग डोकंच हातात आलं. गंज सोडवणारं तेल मी त्याच सकाळी मारलं होतं. ते दोन-तीन दिवस आधीपासून रोज मारायला हवं होतं. हेड बाहेर काढल्यावर बोल्टाच्या मधोमध छिद्र पाडून, गरम करून, उलट्या आट्यांच्या टॅपने तो काढला, आणि आटे शाबूत राहिले. आजही तो तुकडा टेबलावर ठेवलाय. अनुभवावरून सांगतो, जुन्या गाडीत असा एक बोल्ट निघणारच. एक पूर्ण दिवस त्याच्या नावाने आधीच राखून ठेवा.

"खोलायला वेळ लागत नाही, धुवायला लागतो," असं बाबा पहिल्याच रविवारी म्हणाले होते. तेव्हा मी नुसता हो म्हणालो. जुन्या हेड पॅकिंगचा थर काढायचा तर ब्लॉक ॲल्युमिनियमचा, लोखंडी पत्रीने खरवडलं की चरे पडतात. म्हणून प्लॅस्टिकची पात आणि क्लीनर घेऊन बोटाएवढी बोटाएवढी जागा साफ करत जायची. त्याहून नाजूक काम हेड बोल्टांच्या भोकांचं. हेड उचललं की कूलंट आणि तेल त्यांच्यात उतरतं. भोकं खालून बंद आहेत. ओलावा राहिला आणि बोल्ट आवळला तर आतल्या द्रवाला जायला वाट नसते, आणि त्या दाबाने ब्लॉकला तडा जाऊ शकतो. टॉर्क पानाही (बोल्ट किती जोराने आवळला ते दाखवणारा पाना) खोटं सांगतो, बोल्ट बसलाय असं वाटतं पण हेड पुरेसं दाबलेलं नसतं. मी प्रत्येक भोक हवेने उडवलं, कापडाची वात घालून पुसलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलं. दोन संध्याकाळी गेल्या आणि त्या घाईत आटोपाव्यात असं मला एकदाही वाटलं नाही.

हेड परत आली तेव्हा वाटलं, आता काय, शनिवार-रविवारी बांधून टाकू. तेवढ्यात पुशरॉड आडवे आले. हेडचा तळ घासून सपाट केला, पॅकिंगची जाडी बदलली किंवा कॅम वेगळा घेतला, की पुशरॉडची योग्य लांबीही बदलते. ती आधी कळत नाही. हेड बसवून, लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या पुशरॉडने मोजावी लागते आणि मगच नवे मागवता येतात. म्हणजे कामाच्या ऐन मध्यावर पुन्हा थांबणं आलं. त्याच वेळी पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतर तपासायचं असतं. पिस्टनवर मऊ मातीचा थर लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचं, हेड परत काढायचं आणि माती जिथे सगळ्यात पातळ झाली तिथे जाडी मोजायची. साधारण इनटेक (हवा आत घेणाऱ्या) व्हॉल्व्हला २ मिलिमीटर आणि एक्झॉस्ट (धूर सोडणाऱ्या) व्हॉल्व्हला २.५ मिलिमीटर तरी अंतर लागतं. या तपासणीसाठी जुनं पॅकिंग आणि जुने बोल्ट वापरायचे असतात, म्हणून खोलताना काहीही फेकू नका.

बांधायच्या दिवसांत मी एक नियम केला, रात्री नऊनंतर टॉर्क पाना हातात घ्यायचा नाही. माझ्या इंजिनात प्रत्येक हेडला १० मोठे बोल्ट आहेत, ८ लांब आणि २ आखूड. आधी ३० न्यूटन-मीटरला आवळायचे, मग ९० अंश फिरवायचे, मग लांब बोल्टांना आणखी ९० आणि आखूड बोल्टांना ५० अंश, तेही ठरलेल्या क्रमाने. हे कंपनीचे बोल्ट ताणले जाऊन बसतात, त्यामुळे ते एकदाच वापरता येतात. क्रँकच्या पुलीचंही तसंच आहे. ३३० न्यूटन-मीटरने पुली जागेवर बसवायची ती जुन्या बोल्टने, मग तो काढून नवा ५० न्यूटन-मीटरला आवळून १४० अंश फिरवायचा. थकलेल्या माणसाने अंश मोजू नयेत. टायमिंग कव्हर आणि ऑइल पॅन जुळतात त्या कोपऱ्यांवरच्या सिलिकॉनला वाळायला २४ तास हवे होते, तेवढे दिले.

घरात दुसरी गाडी होती म्हणून हे निभावलं. एकुलत्या एका गाडीवर पहिला प्रयोग करू नका, कारण सोमवारी ऑफिसला जायचंय ही काळजी डोक्यात असली की माणूस ओल्या भोकातही बोल्ट आवळतो. एखादं लग्न, प्रवास किंवा शर्यत ठरवून त्याच्या आत काम बसवायच्या फंदातही पडू नका.

सुरू करायच्या दिवशी लगेच चावी फिरवली नाही. जुन्या व्ही-८ इंजिनांत डिस्ट्रिब्यूटरच्या (प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या भागाच्या) जागेतून ड्रिल लावून ऑइल पंप फिरवता येतो. माझ्या एलएस-वनमध्ये पंप थेट क्रँकवर असतो, तिथे तशी सोय नाही. म्हणून स्पार्क प्लग काढले, इंधन आणि इग्निशनचे फ्यूज काढले आणि ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत थोड्या थोड्या वेळाने स्टार्टर फिरवला. तिसऱ्या खेपेला काटा वर आला. मग सगळं जोडलं, बाबांना व्हिडिओ कॉल लावला, फोन खिडकीत उभा केला.

इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. बाबांनी काही वेळ ऐकलं आणि म्हणाले, "एक सिलिंडर मारत नाहीये का रे?" मोठ्या कॅममध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह थोडा वेळ एकत्र उघडे राहतात म्हणून ते असं डुलतं, असं मी सांगितलं. त्यांनी फोन सायलेन्सरजवळ न्यायला लावला आणि आणखी दोन मिनिटं ऐकलं.

त्यानंतरही इंजिनाच्या कॉम्प्युटरचं ट्यूनिंग होतं. गाडी चालवायची, नोंदी ट्यूनिंग करणाऱ्याला पाठवायच्या, सुधारलेली फाइल घालायची, असे दहा दिवस गेले. पाचशे किलोमीटरनंतर तेल बदललं, फिल्टर कापला आणि त्याचा कागद उलगडून दिव्याखाली धरला. घडी घडी तपासली. धातूचा एक कणही नव्हता. त्याचा फोटो बाबांना पाठवला. तिकडे पहाट होती, तरी उत्तर लगेच आलं: "आता क्लच बघ."