शिळ्या खांद्याला ऊत

पुल्ड पोर्क, म्हणजे डुकराचा खांदा मंद आचेवर तासन्‌तास शिजवून पिंजलेले मांस, करणाऱ्यांची सगळी बढाई पहिल्या दिवसाबद्दल असते. मांस किती तास शिजत होते, ओव्हन किती मंद ठेवला होता, हाड नुसते ओढताच कसे कोरडे ठणठणीत बाहेर आले, या कहाण्या रंगवून सांगितल्या जातात. पण तीन किलोचा खांदा एका बैठकीत संपवणारे घर मी अजून पाहिलेले नाही, आणि उरलेल्या किलोभर मांसाचे दुसऱ्या दिवशी काय झाले, हे मात्र कोणी आपणहून सांगत नाही. माझ्या मते या पदार्थाची खरी परीक्षा तिथेच असते.

मी स्वतः त्या परीक्षेत पहिल्या खेपेला साफ नापास झालो होतो. आदल्या रात्री ज्या मांसाचे सगळ्यांनी कौतुक केले होते, त्यातले वाडगाभर मी दुसऱ्या दिवशी दुपारी झाकण न ठेवताच मायक्रोवेव्हमध्ये सरकवले. तीन मिनिटांनी वाडगा बाहेर काढला, तेव्हा कडेचे धागे सुतळीसारखे वळले होते, मधला गोळा गारच होता आणि वाफेबरोबर ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येत होता. ‘शिळ्या कढीला ऊत आणणे’ हा वाक्प्रचार आपण कायम हिणवण्यासाठी वापरतो. त्या दिवशी मात्र तो ऊत नीट आणता येणे हेही एक कसब आहे, याची मला जाणीव झाली.

त्यासाठी आधी हा खांदाच समजून घ्यावा लागतो. अमेरिकेतले खाटीक त्याच्या वरच्या भागाला ‘बॉस्टन बट’ म्हणतात, आणि नावावरून कोणाचाही समज काहीही झाला, तरी तो खांदाच असतो. दिवसभर शरीराचा भार वाहणारा हा भाग असल्यामुळे त्यातले स्नायू कोलॅजन नावाच्या चिवट प्रथिनाने घट्ट बांधलेले असतात. निव्वळ सुरक्षिततेचा विचार केला तर डुकराचे अखंड मांस आतून ६३ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तीन मिनिटे मुरू दिले तरी पुरते, पण त्या तापमानाला खांदा चावून पाहावा म्हणजे ‘वातड’ या शब्दाचा अर्थ कळतो. साधारण सत्तर अंशांच्या पुढे ते कोलॅजन हळूहळू विरघळून त्याचे जिलेटिन होऊ लागते, आणि मांस नव्वद ते पंचाण्णव अंशांपर्यंत पोहोचले की धागे एकमेकांना सोडतात. तेव्हा हाड दोन बोटांत धरून हलवले, तर ते पडायला आलेल्या दुधाच्या दातासारखे हलते. थर्मामीटर मी वापरतोच, पण ओव्हन बंद करतो तो या दाताच्या भरवशावर.

मधल्या काळात एक विचित्र गोष्ट घडते. पासष्ट-सत्तर अंशांच्या आसपास आकडा अडतो आणि कधी कधी दोन-तीन तास जागचा हलत नाही. ओव्हन बिघडला, असे वाटून मी सुरुवातीला आच वाढवत असे, दार उघडून पाहत असे आणि त्यामुळे आणखी उशीर करून घेत असे. खरे तर त्या वेळी मांसाला घाम येत असतो. पृष्ठभागावरचे पाणी वाफ होऊन उडताना जितकी उष्णता नेते, तितकीच ओव्हन देत असल्यामुळे आतले तापमान चढत नाही. अशा वेळी खांदा फॉइलमध्ये घट्ट गुंडाळला की वाफेची वाट बंद होते आणि आकडा पुन्हा चालू लागतो, मात्र वरची खरपूस साल थोडी मऊ पडते. साल गडद तपकिरी होईपर्यंत मी फॉइलला हात लावत नाही, एवढाच माझा तोडगा आहे.

गुंडाळण्याचा खरा लाभ मात्र वेगळाच आहे. खांदा तासभर मुरल्यावर फॉइल उघडली की तळाशी वाटी-दीड वाटी रस साचलेला असतो. पहिल्या खेपेला तो तेलकट, गढूळ ऐवज मी बेसिनमध्ये ओतून दिला आणि दुसऱ्या दिवसाची वाट तिथेच लावली (आणि काही दिवसांनी बेसिनच्या नळीचीही). आता तो रस गाळून वेगळ्या बरणीत भरतो. सकाळपर्यंत फ्रीजमध्ये त्यावर चरबीची पांढरी, कडक चकती जमते, आणि ती चमच्याच्या टोकाने उचलली की खाली फिकट तांबूस, थरथरणारी जेली दिसते. आदल्या दिवशी ज्या कोलॅजनने दिवसभर वाट पाहायला लावले, त्यातलेच बरेचसे असे बरणीत उतरलेले असते.

उरलेले मांस निववण्यात आळस करून चालत नाही. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवण्यातूनही तगतात आणि मांसाचा मोठा गोळा ओट्यावर सावकाश निवत बसला की त्यांचे चांगलेच फावते. म्हणून उथळ डब्यांत पातळ थर लावून दोन तासांच्या आत सगळे फ्रीजमध्ये गेले पाहिजे. तिथे ते तीन-चार दिवस चांगले राहते. त्याहून अधिक ठेवायचे असेल तर रसासकट पिशव्यांत भरून, सपाट दाबून गोठवावे.

पुठ्ठ्याच्या वासाचे कोडे मला पुष्कळ उशिरा सुटले. शिजताना मांसातले लोह मोकळे होते आणि त्याच्या संगतीने तिथल्या चरबीचे हवेशी सूत जुळते. पुन्हा तापवल्यावर नाकाला जाणवतो तो या ऑक्सिडीकरणाचा वास. १९५८ साली टिम्स आणि वॉट्स या संशोधकांनी त्याला ‘वॉर्म्ड-ओव्हर फ्लेवर’ असे नाव दिले. हे वाचल्यावर लक्षात आले की काट्यांनी मांस जितके बारीक पिंजावे, तितकी हवेला अधिक जागा मिळते, म्हणजे माझा उत्साहच माझ्या मुळावर आला होता. आता त्या रात्री लागेल तेवढेच मांस मी पिंजतो आणि बाकीचे मुठीएवढे तुकडे तसेच ठेवून त्यांच्यावर थोडा रस ओततो.

तापवायची वेळ आली की ते तुकडे जाड बुडाच्या पातेल्यात काढतो, वर दोन मोठे चमचे जेली घालतो आणि झाकण ठेवून आच अगदी मंद करतो. काही मिनिटे काहीच घडत नाही. मग जेलीच्या कडा पारदर्शक होतात, ती घसरत तळाशी जाते, झाकणावर दव जमते, आणि आतापर्यंत आखडून बसलेले तुकडे चमच्याने नुसते दाबले तरी उलगडतात. आतपर्यंत ७४ अंश झाले की झाकण काढायचे. मायक्रोवेव्हशी माझे कायमचे वैर नाही. ताटली झाकून, अर्ध्या शक्तीवर, मधून मधून ढवळत आणि रस घालून तापवले, तर तोही वेळ निभावून नेतो. स्लो कुकरमध्ये मात्र गार मांस तापवायला ठेवू नये, कारण जिवाणूंच्या आवडीच्या तापमानातून ते फार रेंगाळत वर चढते.

सॉसच्या बाबतीत मी नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व भागातल्या लोकांच्या बाजूचा आहे. ते केवळ व्हिनेगर, मिरची आणि मीठ यांवर भागवतात. त्याच राज्याच्या पश्चिमेकडे, लेक्सिंग्टनला, त्यात टोमॅटो केचप येते आणि शेजारच्या साउथ कॅरोलायनात मोहरीचा पिवळा सॉस आवडीने खातात. गोड, दाट सॉस शिळेपणावर पांघरूण घालतो, हे खरे. पण पांघरूण घालण्याची पाळीच येऊ नये, असे मला वाटते. व्हिनेगर मात्र मी शेवटी, आच बंद केल्यावरच शिंपडतो, कारण आधी घातले की त्याचा तरतरीत वास वाफेबरोबर स्वयंपाकघरभर होतो आणि ताटात फक्त आंबटपणा उरतो.

त्यातले मूठभर मांस मी वाढण्याआधी बाजूला काढतो. बरणीतली ती चरबीची चकती तव्यावर वितळवून त्यात हे धागे पसरतो आणि हात आवरून, ढवळण्याचा मोह टाळून, खालची बाजू कुरकुरीत होऊ देतो. हे बाकीच्या मांसात वरून मिसळायचे, असे दर वेळी ठरलेले असते. गेल्या खेपेला पातेले टेबलावर पोहोचले, तेव्हा तवा निम्मा रिकामा होता आणि माझ्या बोटांना व्हिनेगरचा वास येत होता.