बोर्ड

बेळगावात कुणी 'बोर्ड' म्हटलं की आधी विचारावं लागतं, कुठला? खडेबाजारातला दुकानदार पाटीबद्दल बोलत असतो, दहावीतलं पोर परीक्षेबद्दल, वायरमन भिंतीवरच्या बटणांबद्दल आणि कॅम्पातला माणूस कॅन्टोन्मेंटच्या कारभाराबद्दल. गल्लीतल्या पोरांच्या लेखी बोर्ड एकच, कॅरमचा: खेळायची जागा २९ इंच चौरस, पावडर वेगळी.

मुळात ही एक साधी फळी. जुन्या इंग्रजीत 'बोर्ड' म्हणजे लाकडाची फळी. ती आडव्या टेकूंवर टाकली की जेवणाचं टेबल. मग जेवणही बोर्ड, म्हणून राहण्याजेवणाची सोय ती बोर्डिंग. त्याच टेबलाभोवती कारभारी बसले आणि त्यांचं मंडळही बोर्ड झालं. आपल्याला यात नवल वाटू नये. आपलीही फळी भिंतीवरून उतरून माणसांत आलीच की: फलंदाजीची आघाडीची फळी, पक्षातली दुसरी फळी.

जहाजाची कडही बोर्डच. पूर्वी सुकाणूचं वल्हं जहाजाच्या उजव्या अंगाला असे, म्हणून ती बाजू स्टारबोर्ड. त्यातला 'स्टार' आकाशातला नव्हे, स्टिअरिंगचा भाऊबंद. सांबऱ्याच्या विमानतळावर हातात पडणारा बोर्डिंग पास या कडेवरूनच चढून आलाय. कडेच्या अर्थाचा हाच जर्मन कुळातला शब्द फ्रेंचमध्ये जाऊन इंग्रजीत आला तो 'बॉर्डर' होऊन. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. तेव्हापासूनचा बॉर्डरचा वाद इथं हटकून बोर्डावर येतो. निदान शब्दांचं नातं तरी सख्खं आहे.

रंगाऱ्याला मात्र नात्यापेक्षा टेप महत्त्वाची. कर्नाटकच्या २०२४ च्या कायदादुरुस्तीनं पाटीवर कन्नडला ६० टक्के जागा, तीही वरच्या बाजूला. पाटी १० फूट बाय ३ फूट धरा. ३६ इंच उंचीतले २१.६ इंच कन्नडला गेले, खाली १४.४ उरले. त्यात मराठी आणि इंग्रजी अशा दोन ओळी, म्हणजे ओळीला सात इंच. इंग्रजी मोठ्या अक्षरांना वर-खाली काही लागत नाही, ती सातही इंच खातात. मराठीला वर वेलांटी-मात्रा, खाली उकार. त्यांची जागा सोडली की अक्षराच्या अंगाला चारेक इंच राहतात. दोन्ही ओळी सारख्या आखल्या तर मराठी बारीकच दिसणार. म्हणून आखतानाच मराठीला इंचभर जास्त द्यावा आणि इंग्रजी आवळावी.

खुद्द 'बोर्ड' हा शब्दच रंगवायला अवघड. काना-मात्रेला खेटून रफार येतो. कन्नडवाले शेवटी उकार लावून 'बोर्डु' म्हणतात, पण त्यांच्या लिपीत रफार अक्षराच्या पुढे येतो, डोक्यावर चढत नाही. आपला वर, आणि तोही सगळ्यात शेवटी काढायचा, म्हणून हमखास राहून जातो. मग उरतं 'बोड'. सलूनच्या पाटीवर तेवढं खपून जाईल.