बारा ताटल्यांची गोष्ट

अल्लादीनच्या हाती दिवा लागल्यावर पहिल्यांदा त्याने काय मागितलं? महाल नाही, राजकन्या नाही. जेवण. घरात दाणा नव्हता. दिवा विकून चार पैसे येतील, जरा बरा दिसावा, म्हणून आई तो घासायला बसली आणि समोर हा अगडबंब राक्षस! माउली बेशुद्ध. लेक म्हणाला, भूक लागलीय.

राक्षसाने चांदीच्या बारा ताटल्यांतून जेवण आणलं. यापुढचा भाग लहान मुलांच्या पुस्तकांत सहसा गाळतात, आणि मला तर तोच सर्वांत आवडतो. जेवण संपल्यावर पठ्ठ्या एकेक ताटली विकत गेला. पैसे पुरवून पुरवून वापरायचे, संपले की पुढची काढायची. दिव्याला पुन्हा हात लावला तो सगळं विकून झाल्यावरच. मूळ गोष्टीत तीन इच्छांची अट नाही बरं का. हवं तितकं मागता आलं असतं. पण मायलेकरांनी अशी वर्षं काढली. एफडीच्या व्याजावर भागवून मुद्दल न मोडणाऱ्या सदाशिव पेठेला हे वेगळं समजवावं लागत नाही.

सुरुवातीला एका व्यापाऱ्याने त्याला भावात चांगलाच गंडवला. मग एका सचोटीच्या सराफाने स्वतःहून बोलावून चांदी तोलली आणि खरी किंमत सांगितली. ही गोष्ट १७०९ मध्ये पॅरिसला आंत्वान गालां या फ्रेंच पंडिताला सांगितली अलेप्पोच्या हन्ना दियाबने. हा दियाब पुढे गावी परतून कापडाचा व्यापारी झाला. तरीच!

नंतरचा महाल वगैरे ठीक आहे. पण ‘जुने दिवे द्या, नवे घ्या’ असं ओरडत जादूगार आला, तेव्हा राजकन्येने दिवा चक्क देऊन टाकला. आमची आजी रविवार पेठेत तांब्याचा बंब मोडीत देताना वजनकाट्यावरून नजर हलवत नसे आणि घट किती धरणार यावर अर्धा तास भांडे. दारच्या बोहारणीलाही ती सोपी गेली नाही. जुन्यावर नवा फुकट म्हणणाऱ्याला तिने आधी जिना उतरायला लावला असता.

राजकन्येला मात्र मला बोल लावता येत नाही. दिव्याचं गुपित सासूला ठाऊक होतं, हिला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि महाशय शिकारीला गेलेले.