एडीएचडी असलेल्या मुलाचा गृहपाठ

"दप्तर आवर, हात धू आणि अभ्यासाला बस." या एका वाक्यात ३ कामं आहेत. एडीएचडी (लक्ष टिकवणं, स्वस्थ बसणं अवघड करणारी अवस्था) असलेल्या मुलाच्या लक्षात बरेचदा त्यातलं एखादंच राहतं. हा हट्ट नव्हे, सूचना डोक्यात धरून ठेवणंच त्याला जड जातं. म्हणून जवळ जा, नाव घ्या, एकच काम सांगा. ते झालं की पुढचं.

गणिताचं पान दुमडून ५च उदाहरणं दिसू द्या. १० मिनिटांचा टायमर, मग ३ मिनिटं उड्या. या ३ मिनिटांत मोबाइल नकोच, तो परत घेताना भांडण ठरलेलं. शाबासकी तिथल्या तिथे द्या. रविवारच्या बक्षिसावर सोमवारचा अभ्यास होत नाही.

वर्गशिक्षकांकडे खिडकीपासून लांबचा पुढचा बाक मागा, आणि गृहपाठ डायरीत उतरलाय का, हे शाळा सुटण्यापूर्वी रोज बघायची विनंती करा.